मोजे काढा!

"मोजे काढा, काका."

सिस्टर अगदी सहज म्हणाल्या. दिवसातून पन्नास जणांना म्हणत असतील. पण बाबा गोंधळले. अकरा वर्षं झाली त्यांच्या शुगरला. या अकरा वर्षांत बोट टोचून झालं, दंडातून रक्त काढून झालं, वजनकाट्यावर उभं करून झालं. मोजे काढा असं मात्र कुणीच कधी म्हटलं नव्हतं.

"अगं, यांना सांग ना," बाबा हळूच माझ्या कानात. "आपण शुगरसाठी आलोय. पायाचं काही नाही आपलं."

सिस्टरांनी ऐकलं. "पाय दुखत नाहीत ना, काका?"

"छे! अजिबात नाही."

"म्हणूनच बघायचेत," त्या म्हणाल्या आणि खाली बसून त्यांनी स्वतःच बाबांच्या बुटाची लेस सोडवली.

पण आम्ही तिथे पोचलो कसे, ते आधी सांगते. आम्ही दिंडोशीचे, नागरी निवाऱ्यात राहणारे. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, दिंडोशी डेपोतून रिटायर झाले. म्हणजे नोकरीची सगळी वर्षं हा माणूस चालत्या गाडीत उभा होता, तेही वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवरचे खड्डे झेलत! आपले पाय म्हणजे लोखंड, असं ते अजून चारचौघांत सांगतात. तर गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बाबा भाजी घेऊन घरी येत होते. मागून एका रिक्षावाल्याने हाक मारली, "ओ काका, चप्पल!" बाबांनी वळून पाहिलं तर डाव्या पायातली चप्पल दहा-बारा पावलं मागे रस्त्यात पडलेली, आणि हे एका पायात चप्पल घालून मजेत चाललेत.

घरी काय हसलो आम्ही! आईने तर तो किस्सा मावशीला फोन करून सांगितला. मी मित्रमैत्रिणींच्या कट्ट्यावर ॲक्टिंगसकट करून दाखवला. सगळे हसले. एक जण सोडून. माझी शाळेतली मैत्रीण आता डॉक्टर आहे. तिने विचारलं, "म्हणजे चप्पल सुटली ते त्यांना कळलंच नाही?"

"नाही ना! तीच तर गंमत!"

"त्यांना डायबेटिस आहे ना?" ती म्हणाली. "मग यात गंमत कसली?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दिंडोशी स्टेशनवरून मेट्रो पकडली (२०२२ मध्ये मेट्रो ७ सुरू झाल्यापासून बाबा बससेवेशी गद्दारी केल्यासारखा चेहरा करून मेट्रोत बसतात) आणि उपनगरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या डायबेटिस क्लिनिकमध्ये जाऊन थडकलो. नऊची अपॉइंटमेंट. नंबर लागला पावणेबाराला. बाबांनी मधल्या वेळात रांगेला शिस्त लावली. "पुढे सरका, दारात उभं राहू नका." सवय जात नाही.

रांगेत सगळे बाबांच्या वयाचे असतील असं मला वाटलं होतं. पण माझ्या शेजारी तिशीचा एक मुलगा मांडीवर लॅपटॉप घेऊन कॉल अटेंड करत होता. गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, कानात हेडफोन. "हो हो, मी मीटिंगमध्येच आहे," असं चक्क खोटं बोलला आणि माझ्याकडे बघून ओशाळून हसला. डायबेटिस असल्याचं ऑफिसात सांगितलं नव्हतं म्हणे. का नाही, तर प्रमोशनचं चाललंय.

आता एक कबुलीजबाब. डायबेटिस क्लिनिक म्हणजे काय, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या लेखी शुगर म्हणजे नाक्यावरचे डॉक्टर, फास्टिंग-पीपीचा कागद आणि सकाळ-संध्याकाळ एक-एक गोळी. आमच्या घरी तर टेस्ट म्हणजे दहावीचा पेपर. टेस्टच्या आधी तीन दिवस बाबांचं गोड बंद, भात अर्धा, संध्याकाळी फिल्मसिटीच्या गेटपर्यंत वॉक. रिपोर्ट चांगला आला की त्याच संध्याकाळी जिलेबी! डॉक्टर खूश, बाबा खूश, आणि गोळी तीच.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी ती सगळी फाइल बाजूला सारली आणि एचबीएवनसी करायला सांगितली. ही टेस्ट म्हणजे काय, तर रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. लाल पेशी जगते साधारण १२० दिवस. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती, ते यात दिसतं. तीन दिवसांच्या उपासाने इथे काही फरक पडत नाही. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे डायबेटिस. बाबांची निघाली ८.९. "हा तर चेकर निघाला," बाबा म्हणाले. "मधल्याच स्टॉपला चढणारा." त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मग ती मोज्यांची खोली. सिस्टरांनी पेनासारख्या दांडीला लावलेला नायलॉनचा एक जाडसर दोरा काढला. मोनोफिलामेंट म्हणतात त्याला. तो पायाला टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडल्यावर वाकतो. बस, एवढीच टेस्ट. ना सुई, ना मशीन.

"डोळे मिटा काका. दोरा लागला की हो म्हणा."

घोट्यापाशी, "हो." टाचेच्या वर, "हो." मग तळव्याला. दोरा वाकला. बाबा गप्प. अंगठ्याला. दोरा वाकला. गप्प. करंगळीच्या खाली. गप्प. मी समोर उभी होते आणि मला तो दोरा वाकताना दिसत होता. बाबा डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून, घंटी वाजायची वाट बघावी तसे ऐकत बसले होते. "सुरू करा ना," ते म्हणाले.

तोवर सात ठिकाणी दोरा लावून झाला होता.

मला एकदम चप्पल आठवली. आणि आमचं ते हसणं.

पुढचं ऐका. सिस्टरांनी उजवा पाय उचलून बघितला तर अंगठ्याच्या खाली, तळव्याला, रुपयाएवढा फोड. फुटलेला, कडेने काळसर. मोज्याला डाग. त्यांनी बाबांच्या बुटात हात घातला आणि पटकन बाहेर काढला. आतून खिळ्याचं टोक वर आलं होतं. तो बूट बाबा दीड-दोन आठवडे घालत होते. रोज. वॉकला सुद्धा!

तुम्हाला-मला तो खिळा पहिल्याच पावलाला कळला असता. आपण आई गं म्हणून बूट भिरकावला असता. बाबांना ती सोय उरलेली नव्हती. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पायातल्या नसा हळूहळू मरतात, आणि तक्रार त्याच नसांनी करायची असते. तक्रार करणाराच गेला, मग ऑफिसात सगळं आलबेल. डायबेटिसमध्ये पाय कापावे लागल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. त्यातल्या बहुतेकांची सुरुवात असल्याच एखाद्या फालतू जखमेने झालेली असते. नवी चप्पल चावली, नखं काढताना कापलं, उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी चालले. दुखलं नाही म्हणून बघितलं नाही.

पाय या विषयाला स्वतःचे सर्जन असतात हे मला याच निमित्ताने कळलं. मुंबईत डॉ. अरुण बाळ हे त्यातलं मोठं नाव, माहीमच्या एस. एल. रहेजा हॉस्पिटलशी जोडलेलं. या हॉस्पिटलची मुळंही मधुमेहातच आहेत. डॉ. एस. एस. आजगावकरांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया सुरू झाली, आणि तिच्या कामातून ते उभं राहिलं. त्याच्याही आधी, १९४८ मध्ये, मद्रासच्या स्टॅनली हॉस्पिटलमध्ये डॉ. एम. विश्वनाथन यांनी खास मधुमेहींसाठी क्लिनिक काढलं होतं. म्हणजे ही काही कॉर्पोरेट हॉस्पिटलवाल्यांची नवी आयडिया नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोत पहिल्यांदा एका मुलाला इन्सुलिन टोचलं, आणि तोवर मरणारे पेशंट जगायला लागले. मग लक्षात आलं, की जगणाऱ्या पेशंटला औषधाइतकंच शिकवावंही लागतं. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये मधुमेहाचं काम उभं करणारे डॉ. रॉबिन लॉरेन्स तर स्वतःच पेशंट होते. १९२३ मध्ये इन्सुलिन मिळालं म्हणून वाचले, आणि पुढची ४०-४५ वर्षं दुसऱ्यांना कसं जगायचं ते सांगत राहिले.

असो. बाबांच्या पायाला ड्रेसिंग झालं आणि आमची वरात पुढच्या दाराशी. डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, पडद्याचा फोटो काढला. नजर चांगली असतानाही आत रक्तवाहिन्या खराब झालेल्या असू शकतात, म्हणून वर्षातून एकदा हा फोटो. बाबांचा निघाला स्वच्छ. त्याच्या पुढच्या दारात लघवीची तपासणी. अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन गळतंय का, हे बघायचं. गळायला लागलं की किडनी थकू लागलीय असं समजायचं. ते थोडं गळत होतं. थोडं म्हणजे औषधाने आटोक्यात ठेवता येईल इतकं. किडनीसुद्धा दुखत नाही हो, अगदी शेवटपर्यंत! त्या कॉरिडॉरमधली सगळी दारं मला एकाच कामासाठी दिसायला लागली. जे दुखत नाही, ते शोधून काढायचं.

खरी धमाल डाएटिशियनच्या केबिनमध्ये.

"चहा किती वेळा, काका?"

"दोनदा."

"दोनदा घरात," आई म्हणाली. "डेपोच्या टपरीवरचे धरले नाहीत त्यांनी."

बाबांनी आईकडे असं बघितलं, की विदाउट तिकीट पकडल्यावर प्रवासी कंडक्टरकडे बघतो तसं.

आमच्या घरात डाएटवरून महायुद्धं झालेली आहेत. आई दीक्षित पार्टी, म्हणजे दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवण. मावशी दिवेकर पार्टी, म्हणजे दर दोन तासांनी थोडं थोडं. आणि बाबा दोन्ही पार्ट्यांचे एकदम मेंबर. दोन जेवणं दीक्षितांची, मधलं सगळं दिवेकरांचं! मला वाटलं, या बाई आता तिसराच पंथ काढणार. पण त्यांनी भात सोडा असं म्हटलंच नाही. कोकणातल्या माणसाला भात सोडायला सांगितला तर तो क्लिनिक सोडतो, हे त्यांना ठाऊक असावं. वाटी दाखवली. एवढाच. आधी भाजी-कोशिंबीर, मग आमटी-मासे, मग भात. जिलेबीचं नाव काढल्यावर म्हणाल्या, "रिपोर्टच्या दिवशी नको, एवढं तरी पाळा."

मी कोपऱ्यात बसून दात काढत होते. तेवढ्यात त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "तुझी कधी केलीस?"

"काय?"

"शुगर."

मी? वय २८. वजन ५४. जीन्सचा साइज कॉलेजातलाच आहे (बटण लावताना श्वास आत घ्यावा लागतो, पण ते लाँड्रीवाल्याच्या माथी मारलंय). मी हसण्यावारी न्यायला लागले, तशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नंतर मी ती घरी येऊन वाचून काढली. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक (हे केईएम वेगळं, परळचं वेगळं) आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या साप्ताहिकात आपला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे कागदावर दोघेही फिट. पण अंगातली चरबी मोजली तर गोऱ्या डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून लोणी. याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथे जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण ती हलकी होती स्नायूंनी, चरबीने तितकीशी नाही. म्हणजे हे जीन्सच्या बटणाचं प्रकरण पाळण्यापासूनचं आहे.

आकडे तुम्ही कुठे ना कुठे वाचले असतील, तरी दोन सांगते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांच्या पुढे प्री-डायबेटिसवाले १३.६ कोटी. राज्यांमध्ये पहिला नंबर कुणाचा? गोवा, २६.४ टक्के. न्यू इयरला आपण जिथे पडीक असतो ते गोवा.

दिले रक्त. दोन दिवसांनी रिपोर्ट मोबाइलवर आला. ५.९. म्हणजे डायबेटिस नाही आणि नॉर्मलही नाही. ५.७ ते ६.४ या मधल्या स्टॉपला प्री-डायबेटिस म्हणतात, आणि मी तिथे उतरले होते. तीन डेडलाइन, रात्री दोनची कॉफी, इन्फिनिटी पार्कच्या बाहेर नाइट शिफ्टच्या पोरांबरोबर खाल्लेले वडापाव, लिफ्ट बंद असली की खालूनच आईला फोन. सगळं त्या एका आकड्यात जमा होतं. इथून परत फिरता येतं, हेही तितकंच खरं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमने २००६ मध्ये दाखवलं, की अशा काठावरच्या माणसांनी चालणं वाढवलं आणि खाणं सुधारलं तर डायबेटिस होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतो. गोळीनेही साधारण तेवढाच होतो. त्यातली माणसं आपलीच, भात-पोळी खाणारी, कुणी अमेरिकन जिमवाले नव्हेत.

हे सगळं वाचून मी काय केलं? रिपोर्ट फोनच्या एका फोल्डरमध्ये टाकला आणि गप्प बसले. आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. दुखत थोडंच होतं काही?

हॉस्पिटलचं बिल अर्थातच दुखलं. अशा क्लिनिकची एक चक्कर आमच्यासारख्या पेन्शन नसलेल्या घराला जड जाते, आणि दिंडोशीच्या डोंगराकडच्या वस्तीत घरकाम करणाऱ्या बाईंना तर ती परवडणारच नाही. महापालिकेच्या दवाखान्यांत साखर तपासून मिळते, गोळ्याही मिळतात. पण तो नायलॉनचा दोरा? त्याला ना वीज लागते ना एसी. तो प्रत्येक नाक्यावरच्या डॉक्टरच्या खिशात का नाही, हे मला अजून कळलेलं नाही. आपल्या हेल्थ चेकअपच्या चकचकीत पॅकेजेसचंही तेच. मागे एका कंपनीसाठी काम करताना मला असं पॅकेज मिळालं होतं. पन्नासेक टेस्ट, गुळगुळीत फाइल, शेवटी ब्रेकफास्टला खोक्यातला गोड ज्यूस. बूट काढा असं तिथेही कुणी म्हणालं नव्हतं.

बाबांची जखम भरायला पाच आठवडे लागले. आणखी पंधरा दिवस तसेच चालला असता तर गोष्ट हाडापर्यंत गेली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता रोज रात्री जेवण झालं की बाबा पाय धुतात, बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसतात आणि माझा मेकअपचा आरसा घेऊन तळवे बघतात. आरसा अर्थातच मला परत मिळणार नाही. नवे बूट संध्याकाळी जाऊन घेतले, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी मापाचा वाटलेला बूट संध्याकाळी चावतो. दुकानदाराला बाबांनी ते तीनदा समजावून सांगितलं.

तर असेच एका रात्री ते आरसा घेऊन बसले होते. वर न बघताच म्हणाले, "तुझा रिपोर्ट आला असेल ना?"

"आला."

त्यांनी हात पुढे केला. पास दाखवा म्हणताना करायचे, तसाच.

मी मोबाइल दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, आकडा वाचला, मोबाइल परत दिला. "उद्या साडेसहाला खाली ये."

"बाबा, मला रात्री एक आर्टिकल द्यायचंय, उद्या नको ना..."

"साडेसहा," बाबा म्हणाले. "सहा पस्तीसला गाडी सुटली असेल."

सहा बत्तीसला मी दाराशी बसून स्पोर्ट्स शूज चढवत होते. जानेवारीत न्यू इयर रेझोल्यूशनसाठी घेतलेले, तेव्हापासून रॅकमध्येच पडून होते. बाबांनी ते माझ्या हातातून काढून घेतले. "असा पाय घालायचा नाही. आधी उलटा करून झटकायचा." झटकला. टण्णकन काहीतरी लादीवर पडलं.

माझ्या कानातल्याची फिरकी. दिवाळीपासून मी तिच्यासाठी अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं.